दार कुणी लावलंय?

फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर बसवलं, फोल्डर निवडलं, समोरच्याला दुवा पाठवला आणि तरीही काही हललं नाही, की बहुतेकांच्या तोंडी एकच तोडगा असतो : फायरवॉल बंद करून बघा. हा तोडगा अधूनमधून लागू पडतो आणि त्यातच त्याचा धोका आहे. लागू पडला तर नेमकं काय अडलं होतं ते कळत नाही. नाही पडला तर माणूस राउटर रीसेट करतो, सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवतो आणि शेवटी इंटरनेट कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. या खटाटोपात बंद केलेली फायरवॉल मात्र बंदच राहून जाते. पोर्ट बंद असणं हा सहसा बिघाड नसतो, तो कुणीतरी कशासाठी तरी घेतलेला निर्णय असतो, असं या लेखाचं म्हणणं आहे. घरातला संगणक आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये असे निर्णय घेणाऱ्या चार-पाच जागा आहेत. त्यातली कोणती आडवी आली हे क्रमाने तपासून काढता येतं, आणि मग तेवढीच जागा, तेवढ्याच कामापुरती मोकळी करता येते.

गोंधळाची सुरुवात ‘पोर्ट’ या शब्दापासूनच होते. संगणकाच्या मागे वायर खोचायच्या खाचेलाही आपण पोर्टच म्हणतो, म्हणून नेटवर्कचा पोर्टही एखादं भोक असावं असं वाटतं. प्रत्यक्षात तो नुसता आकडा आहे. आयपी पत्ता माहितीच्या पॅकेटला इमारतीपर्यंत पोचवतो. आत कोणत्या फ्लॅटची बेल वाजवायची ते पोर्ट सांगतो. हा आकडा १६ बिटांचा असल्यामुळे तो ६५,५३५ पर्यंत जातो. टीसीपी आणि यूडीपी या वाहतुकीच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांचे आकडे वेगवेगळे धरले जातात. एका पद्धतीतला २२००० मोकळा झाला म्हणून दुसरीतला होत नाही. १०२३ पर्यंतचे आकडे ठरलेल्या सेवांसाठी राखलेले असतात. वेबची सुरक्षित पानं ४४३ वर, मेल सर्व्हर २५ वर येतात. विंडोजचं फोल्डर शेअरिंग ४४५ वर चालतं. बिटटोरेंटचे सुरुवातीचे प्रोग्रॅम ६८८१ ते ६८८९ वापरत, ट्रान्समिशन हे टोरेंट सॉफ्टवेअर सहसा ५१४१३ घेतं, दोन संगणकांवरची फोल्डरं जुळवणारं सिंकथिंग २२०००. ‘पोर्ट उघडा आहे’ या तीन शब्दांत दोन अटी दडलेल्या असतात : त्या आकड्यावर एखादा प्रोग्रॅम कान देऊन बसलेला हवा, आणि त्याच्यापर्यंतची वाट कुणी अडवलेली नसावी. पहिली अट पुरी नसेल तर जगातल्या सगळ्या फायरवॉल काढून टाकल्या तरी पोर्ट बंदच दिसणार, कारण घरात माणूसच नाही.

मग ही डोकेदुखी फाइल शेअरिंगच्याच वाट्याला का येते? ब्राउझर किंवा व्हॉट्सअ‍ॅप वापरताना पोर्टचं नावही काढावं लागत नाही, कारण तिथे आपणच बाहेर फोन लावतो आणि उत्तर त्याच फोनवर मिळतं. एका संगणकाकडून थेट दुसऱ्याकडे फाइल पाठवायची तर दोघांपैकी कुणाला तरी फोन येऊ द्यावा लागतो. हा पेच आजचा नाही. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर फाइल पाठवण्याचा पहिला प्रमाण आराखडा, म्हणजे एफटीपी, एप्रिल १९७१मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. अलाहाबादला जन्मलेले, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले भूषण तेव्हा एमआयटीत होते. एफटीपीच्या पुढे रूढ झालेल्या, १९८५ साली पक्क्या केलेल्या रूपात दोन जोडण्या होत्या. आज्ञा देण्यासाठी ग्राहक सर्व्हरला हाक मारायचा. फाइल मात्र सर्व्हर उलट ग्राहकाला हाक मारून द्यायचा. विद्यापीठांची नेटवर्कं एकमेकांवर विश्वास ठेवून चालत होती तोवर यात काही अडलं नाही. मधे फायरवॉल आल्या, तशी ती उलटी हाक वाटेतच अडू लागली. आज्ञा पोचायच्या, फाइलींची यादी मात्र यायची नाही. १९९४ साली इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजांतून ग्राहकांना सल्ला दिला गेला, की दोन्ही जोडण्या तुम्हीच करा. एफटीपीची ‘पॅसिव्ह’ पद्धत आधीपासून उपलब्ध होती, ती रूढ झाली यामुळे. तेव्हा आजच्या फाइल शेअरिंग सॉफ्टवेअरची तक्रार घरगुती ब्रॉडबँडहून जुनी आहे.

दारं बंद झाली त्याला दोन स्वतंत्र कारणं आहेत आणि ती वेगळी ठेवणं महत्त्वाचं, कारण त्यांवरचे उपायही वेगळे. पहिलं कारण पत्त्यांची टंचाई. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतला पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगाला मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच दिसत होतं. १९९४ साली ‘नॅट’ची कल्पना मांडली गेली आणि १९९६ साली १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखण्याचा नियम पक्का झाला. नॅट म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वही ठेवणारा वॉचमन. आतल्या फ्लॅटमधून कुणी काही मागवलं की तो नोंद करतो आणि पार्सल आलं की वही बघून त्याच फ्लॅटला धाडतो. पण कुणी न मागवता आलेल्या माणसाला कुठे पाठवायचं, ते वहीत नसतं, म्हणून तो त्याला परत पाठवतो. यात वॉचमनला कसलाही संशय नसतो. त्याच्याकडे फक्त माहिती नसते. २०११च्या फेब्रुवारीत जागतिक साठ्यातले शेवटचे पत्ते वाटले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागात पत्त्यांचं रेशनिंग सुरू झालं. आपल्या घरातले संगणक, फोन, टीव्ही असे सगळे एकाच बाहेरच्या पत्त्यावर नांदतात ते यामुळे.

दुसरं कारण भीती, आणि ती अनुभवातून आलेली आहे. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर नावाचा किडा विंडोजच्या १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून पसरला. त्यासाठी कुणी मेल उघडावी किंवा फाइलवर क्लिक करावं लागलं नव्हतं. संगणक इंटरनेटला जोडलेला असणं पुरेसं होतं. वर्षभरात, ऑगस्ट २००४मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक काढला आणि फायरवॉल आपोआप चालू राहील अशी व्यवस्था केली. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर किड्याने तोच धडा पुन्हा दिला. या वेळी दार होतं ४४५ क्रमांकाचं, म्हणजे फोल्डर शेअरिंगचंच. त्यातली त्रुटी बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. ज्यांनी ती बसवली नव्हती आणि ज्यांचं ४४५ उघडं होतं, त्यांच्या फाइली खंडणीसाठी कुलूपबंद झाल्या. नॅट माहितीअभावी अडवतं, फायरवॉल जाणूनबुजून अडवते. नॅटला माहिती द्यावी लागते, फायरवॉलकडे परवानगी मागावी लागते. तक्रार सोडवताना या दोहोंची गल्लत झाली की माणूस एका दाराची किल्ली दुसऱ्या दाराला लावत बसतो.

इथे पहिला आक्षेप येतो. पोर्ट बंद असला तरी टोरेंटवरून फाइल उतरतेच की, मग एवढी उठाठेव कशाला? आक्षेपात तथ्य आहे. बिटटोरेंटचं सॉफ्टवेअर आपणहून इतरांना हाका मारतं आणि ज्यांची दारं उघडी आहेत त्यांच्याकडून तुकडे गोळा करतं. लोकप्रिय लिनक्सची डिस्क उतरवताना असे शेकडो लोक सापडतात. पण आपलं काम चालतं ते दुसऱ्या कुणीतरी दार उघडं ठेवलेलं असतं म्हणून. इम्यूल या २००२ सालच्या सॉफ्टवेअरने हा भेद लपवला नाही. सर्व्हर नव्या सभासदाच्या पोर्टवर उलटी हाक मारून बघे. उत्तर आलं तर त्याला ‘हाय आयडी’ मिळे, नाही आलं तर ‘लो आयडी’. आणि दोन लो आयडीवाले एकमेकांकडून फाइल घेऊ शकत नसत. दोघंही फक्त फोन लावू शकतात, घेऊ कुणीच शकत नाही, तर बोलणं होणार कसं? एखादं दुर्मीळ ध्वनिमुद्रण पूर्ण स्वरूपात एकाच माणसाकडे असेल आणि त्याचा पोर्ट बंद असेल, तर आपलाही बंद असून चालत नाही. गर्दीत जो दोष जाणवत नाही, तो दोनच माणसं उरली की काम थांबवतो. घरच्या संगणकावरून गावच्या संगणकावर फोटो पाठवायचे असतात तेव्हा तर माणसं दोनच असतात.

तपासाला लागण्यापूर्वी एक खूण ओळखता यायला हवी, कारण निम्मं निदान तिच्यातच आहे. बंद पोर्टवर टीसीपीची हाक मारली की दोन प्रकारचे अनुभव येतात. एक तर तात्काळ नकार येतो. सॉफ्टवेअर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणतं. नाहीतर काहीच घडत नाही आणि बऱ्याच वेळाने ‘टाइम आउट’ दिसतं. नकार आला तर हाक बहुधा संगणकापर्यंत पोचली आहे. तिथे त्या आकड्यावर कुणी ऐकत नाही, एवढंच. शांतता असेल तर वाटेत कुणीतरी पॅकेट गिळलं आहे, आणि गिळणं ही फायरवॉलची सवय. नकार आला तर प्रोग्रॅमकडे बघायचं, शांतता असली तर वाटेकडे. याला अपवाद आहेत. काही फायरवॉल गिळण्याऐवजी नकार पाठवतात, आणि खोटा नकारही पाठवता येतो. अमेरिकेत कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी २००७ साली नेमकं हेच करताना पकडली गेली. दोन ग्राहकांचे संगणक बिटटोरेंटने बोलत असताना मधेच ती दोघांनाही एकमेकांच्या नावाने ‘फोन ठेवतो’ असा संदेश पाठवी. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने चाचण्या करून हे छापलं आणि पुढच्या वर्षी तिथल्या दूरसंचार नियामकाने कंपनीवर ठपका ठेवला. नियामकाचा तो आदेश २०१०मध्ये न्यायालयात टिकला नाही, पण तांत्रिक धडा टिकला : नकार आला म्हणून तो समोरच्यानेच दिला असं छातीठोकपणे सांगता येत नाही. यूडीपीत तर जोडणी जुळवण्याचा सोपस्कारच नसल्यामुळे शांततेवरून काही सिद्ध होत नाही. ही खूण पुरावा म्हणून वापरायची, निकाल म्हणून नाही.

पुढे येणारा एक अपवाद सोडला, तर तपास आतून बाहेर करावा, कारण आतली तपासणी सोपी असते आणि पूर्णपणे आपल्या हातात असते. पहिली जागा खुद्द प्रोग्रॅम. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या जोडण्यांसाठीचा पोर्ट लिहिलेला असतो, तो टिपून ठेवावा. दर वेळी सुरू होताना नवा पोर्ट निवडण्याचा पर्याय चालू असेल तर तो बंद करावा, नाहीतर काल राउटरला सांगितलेला आकडा आज चुकीचा ठरतो. मग प्रोग्रॅम खरोखर ऐकतो आहे का ते बघावं. विंडोजवर नेटस्टॅट, लिनक्सवर एसएस ही आज्ञा कोणता प्रोग्रॅम कोणत्या आकड्यावर बसला आहे ते दाखवते. तिथे पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ दिसला तर प्रोग्रॅम फक्त त्याच संगणकाचं ऐकतो आहे, शेजारच्या खोलीतलं सुद्धा नाही. ०.०.०.० दिसला तर तो सगळीकडून येणारं ऐकतो. यादीत तो आकडाच नसेल, तर तो दुसऱ्या प्रोग्रॅमने आधीच बळकावलेला असू शकतो किंवा सॉफ्टवेअर एखाद्या बंद पडलेल्या व्हीपीएनला बांधलेलं असू शकतं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती सोडून जे लोक थेट राउटरकडे धावतात, त्यांची संध्याकाळ वाया जाते.

दुसरी जागा संगणकाची स्वतःची फायरवॉल. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ ठरवते. नव्या नेटवर्कला सहसा पब्लिक धरते आणि तिथे जास्त कडक वागते. घरच्या वायफायला चुकून पब्लिकचा शिक्का बसला असेल तर प्रायव्हेटसाठी दिलेली परवानगी तिथे चालत नाही. याहून फसवी गोष्ट म्हणजे प्रोग्रॅम पहिल्यांदा चालू होताना येणारी परवानगीची खिडकी. घाईत ती रद्द केली, तर विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी अडवणारा नियम लिहून ठेवते. पुढे आपण परवानगीचा नवा नियम केला तरी जुना अडवणारा नियम जागेवरच असतो, आणि दोघांच्या भांडणात अडवणारा जिंकतो. परवानगी देऊनही चालत नाही, ही तक्रार पुष्कळदा इथली असते. त्यामुळे नियम वाढवण्याआधी यादी वाचून जुना नियम काढावा. अँटिव्हायरसने आपली वेगळी फायरवॉल आणली असेल तर तिचीही यादी असते. ही जागा पार झाली का हे कळण्यासाठी घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून हाक मारून बघावी. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टीसीपीसाठी तशी तयार आज्ञा आहे. तपासणीचा संगणक राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर मात्र नको, कारण ते पाहुण्यांना घरातल्या यंत्रांपासून मुद्दाम दूर ठेवतं. घरातून हाक पोचली तर संगणकाचा विषय बराचसा निकालात निघाला.

तिसरी जागा राउटर, म्हणजे वहीवाला वॉचमन. त्याला सांगून ठेवावं लागतं, की अमुक आकड्यासाठी कुणी आलं तर अमुक संगणकाकडे पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. इथल्या चुका ठरलेल्या आहेत. संगणकाचा आतला पत्ता राउटर तात्पुरता देतो; वीज जाऊन आली की १९२.१६८.१.१० चा १९२.१६८.१.१४ होऊ शकतो आणि नियम रिकाम्या फ्लॅटकडे बोट दाखवत राहतो. म्हणून राउटरमध्येच त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवावा. नियम फक्त टीसीपीचा केला आणि सॉफ्टवेअरला यूडीपीही हवं, ही दुसरी चूक. कंपनीने दिलेल्या यंत्राच्या मागे आपला वेगळा राउटर जोडलेला असतो तेव्हा वॉचमन दोन होतात. आतल्या गेटवर सांगितलेलं बाहेरच्याला माहीत नसतं. आणि तपासणीची चूक तर सार्वत्रिक आहे : घरातच बसून स्वतःचा बाहेरचा पत्ता वापरून हाक मारणं. बरेच राउटर बाहेर जाऊन पुन्हा आत वळणारी अशी हाक नीट हाताळत नाहीत, त्यामुळे उघडा पोर्ट बंद दिसतो. वायफाय सोडून फोनच्या मोबाइल डेटावरून तपासावं, किंवा पोर्ट तपासणाऱ्या संकेतस्थळावरून. आणि त्या वेळी प्रोग्रॅम चालू असावा. अशी संकेतस्थळं सहसा टीसीपीच तपासतात, हेही लक्षात असू द्यावं.

चौथी जागा घराबाहेर, इंटरनेट कंपनीकडे आहे. पत्ते पुरत नाहीत म्हणून अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात. म्हणजे सोसायटीच्या गेटबाहेर अख्ख्या टाउनशिपचं आणखी एक गेट येतं आणि तिथल्या वॉचमनशी बोलण्याची आपल्याला सोय नसते. याला कॅरिअर ग्रेड नॅट, थोडक्यात सीजीनॅट म्हणतात. यासाठी २०१२ साली १००.६४ ते १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास राखून ठेवले गेले. ओळखायची युक्ती सोपी आहे. राउटरच्या पानावर त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता दिसतो. तो आणि ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता ताडून पाहायचा. दोन्ही सारखे असतील तर मधे दुसरं गेट नाही. वेगळे असतील, विशेषतः राउटरवरचा पत्ता १०० च्या त्या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर आपण घरात केलेले सगळे नियम बरोबर असूनही व्यर्थ आहेत. भारतात मोबाइल इंटरनेटवर आणि पुष्कळ घरगुती जोडण्यांवर हीच स्थिती असते. हे आधी तपासलं तर कित्येकांचा राउटरशी चाललेला झगडा वाचेल. पाचवी जागा समोरच्या टोकाची : कार्यालय, कॉलेज, वसतिगृह. तिथली फायरवॉल हा त्या संस्थेचा निर्णय असतो. तो युक्तीने चुकवण्यापेक्षा तिथल्या नेटवर्क सांभाळणाऱ्याला पोर्टचा आकडा, प्रोग्रॅमचं नाव आणि काम सांगून विचारणं बरं.

आता मूळ तोडग्याकडे येऊ. क्षणभर फायरवॉल बंद करून बघितलं तर दोष तिच्यात आहे की नाही हे तर कळेल, असा युक्तिवाद केला जातो. प्रयोग म्हणून तो अगदीच टाकाऊ नाही. राउटरमागे, घरच्या खात्रीच्या नेटवर्कवर, मिनिटभरासाठी केला आणि लगेच मागे घेतला तर त्यातून एक उत्तर मिळतं. पण उत्तर ढोबळ असतं. पाच जागांपैकी एकच जागा तपासली जाते; दोष सीजीनॅटचा असेल तर फायरवॉल असली काय, नसली काय, फरक शून्य. शिवाय एका २२००० साठी आपण १३५, ४४५ आणि बाकीचे सगळे आकडे उघडे टाकतो, आणि ते सार्वजनिक वायफायवर केलं तर २००३ सालात परत जातो. त्याऐवजी त्या एका प्रोग्रॅमला, त्या एका आकड्यासाठी परवानगी देणारा नियम करून बघितला, तर प्रयोगही होतो आणि तो यशस्वी झाला की तोच उपाय ठरतो.

दुसरा युक्तिवाद सोयीचा : यूपीएनपी चालू ठेवा, प्रोग्रॅम स्वतःच राउटरला सांगून पोर्ट उघडून घेईल. बहुतेक वेळा घेतोही. पण घरातला कोणताही प्रोग्रॅम, मग तो स्वस्तातला कॅमेरा असो की चुकून शिरलेला व्हायरस, तीच विनंती करू शकतो आणि राउटर कुणाला विचारत नाही. २०१३ साली रॅपिड सेव्हन या सुरक्षा कंपनीने इंटरनेट चाळून बघितलं तेव्हा ८ कोटींहून अधिक पत्ते यूपीएनपीच्या चौकशीला बाहेरून उत्तर देताना आढळले. घरातल्या यंत्रांसाठी असलेली ही सोय बाहेरच्यांशी बोलायलाच नको होती. फाइल शेअरिंग वापरणारा संगणक एकच असेल तर हाताने लिहिलेला एक नियम पाच मिनिटांचं काम आहे, आणि तो कुणी, कशासाठी लिहिला हे आपल्याला माहीत असतं. उलट बाजूने कुणी म्हणेल, की मग पोर्ट उघडणंच धोक्याचं आहे, उघडूच नका. धोका आकड्यात नसतो, त्या आकड्यावर बसलेल्या प्रोग्रॅममध्ये असतो. प्रोग्रॅम वेळोवेळी अद्ययावत होत असेल आणि अनोळखी माणसाशी बोलण्यासाठीच तो बनवलेला असेल, तर धोका आटोक्यात राहतो. फोल्डर शेअरिंगचा ४४५ मात्र इंटरनेटवर कधीही उघडू नये. टोरेंट सॉफ्टवेअरचं ब्राउझरमधून चालणारं नियंत्रण पान वेगळ्या पोर्टवर असतं, ट्रान्समिशनचं सहसा ९०९१ वर, क्यूबिटटोरेंटचं ८०८० वर. फाइलींचा पोर्ट उघडताना चुकून हा उघडला, तर आलेल्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगाच पडला.

सीजीनॅटच्या मागे अडकलेल्यांनी काय करावं? कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागता येतो. काही कंपन्या त्याचे वेगळे पैसे घेतात. दुसरी वाट आयपीची सहावी आवृत्ती. तिचा पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळे टंचाईच उरत नाही, प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता मिळतो. या बाबतीत भारत जगात पुढे आहे. इथले निम्म्याहून अधिक वापरकर्ते या आवृत्तीवर पोचलेले आहेत आणि त्यात २०१६ साली सुरू झालेल्या जिओच्या जाळ्याचा मोठा वाटा आहे. पण यामुळे पोर्टची कटकट संपेल ही आशा अर्धीच खरी आहे. नवी आवृत्ती टंचाईचं कारण मिटवते. भीतीचं कारण जागेवरच राहतं. राउटर आणि मोबाइल कंपन्या सहाव्या आवृत्तीतही न बोलावलेल्या हाका अडवू शकतात आणि पुष्कळदा अडवतात. फरक एवढाच, की आता वाट दाखवावी लागत नाही, फक्त परवानगी द्यावी लागते. तिसरी वाट सॉफ्टवेअरनेच शोधलेली आहे. दोघांचीही दारं बंद असली तर एक तिऱ्हाईत सर्व्हर दोघांना एकमेकांचे पत्ते आणि आकडे कळवतो आणि दोघं एकाच वेळी एकमेकांना हाक मारतात. प्रत्येकाच्या वॉचमनच्या वहीत ‘आपल्याच फ्लॅटने मागवलं आहे’ अशी नोंद होते आणि दोन्ही गेटं उघडतात. हेही जमलं नाही तर सिंकथिंगसारखं सॉफ्टवेअर मधल्या रिले सर्व्हरमार्फत फाइल पाठवतं. फाइल दोन टोकांमध्ये कूटबद्ध असल्यामुळे मधल्याला ती वाचता येत नाही, पण वेग बराच घटतो. वेगाची घाई नसेल तर कोणतंही दार न उघडता काम भागतं, आणि मग न उघडणंच शहाणपणाचं.

या सगळ्यातून तपासाचा क्रम ठरतो. आधी राउटरवरचा पत्ता बाहेरून दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून बघा, कारण तिथेच अडलं असेल तर पुढची मेहनत फुकट आहे. मग प्रोग्रॅम ऐकतो का ते बघा, घरातल्या दुसऱ्या संगणकावरून हाक मारा, राउटरचा नियम तपासा आणि शेवटी मोबाइल डेटावरून बाहेरची हाक मारा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने जमलं ते कळणार नाही. आणि जमलं की एका कागदावर तीन गोष्टी लिहून तो राउटरजवळ ठेवा : उघडलेला आकडा, त्यामागचा प्रोग्रॅम, उघडल्याची तारीख. सॉफ्टवेअर काढून टाकाल त्या दिवशी राउटरमधला आणि फायरवॉलमधला नियमही काढा आणि कागदावरची ती ओळ खोडा. सॉफ्टवेअर काढलं तरी नियम आपोआप जात नाही.